दोन घरांत वाटली गेलेली युद्धपत्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट आला की सातारा-सांगलीकडच्या शाळांत, ग्रामपंचायतींत, मंडळांच्या मांडवात माजी सैनिकांच्या वस्तूंची छोटी प्रदर्शने भरतात. पदके, पट्टे, फोटो आणि त्यांच्या शेजारी थर्माकोलवर टाचण्यांनी ठोकलेली जुनी पत्रे. हेतू चांगला असतो. पण आठवडाभर उजेडात टांगलेल्या शाईचे जे व्हायचे ते होते, आणि पुढच्या वर्षी ते पत्र कुणीतरी 'टिकावे म्हणून' लॅमिनेट करून आणते. दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मांडलेली पत्रे नेहमी एकाच बाजूची असतात. दुसरी बाजू दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच आडनावाच्या घरात पडलेली असते.

घरच्या पत्रांचे एक बरे असते. जवानाने आई-वडिलांना लिहिलेली पत्रे घरीच राहतात. मित्रांच्या पत्रांचे तसे नाही. आपल्या आजोबांनी बसऱ्याहून किंवा इटलीतून मित्राला लिहिलेले पत्र आपल्या ट्रंकेत सापडणारच नाही, ते मित्राच्या घरी गेले. आपल्याकडे असेल ते मित्राने आजोबांना लिहिलेले. म्हणून आजोबांची पत्रे आपल्या घरात शोधणाऱ्याच्या हाती बहुधा मित्राची पत्रे लागतात आणि 'ही आपली नव्हेत' म्हणून ती रद्दीत जातात. आम्हाला या पत्रातून सांगायचे ते हेच: आधी ती दुसऱ्या बाजूची पत्रे वाचवा, आणि मग जोडीदार घर शोधा.

मित्रांची पत्रे इतकी महत्त्वाची का? घरच्या पत्रात खुशाली असते, मित्राच्या पत्रात तक्रार. घरचे पत्र बऱ्याचदा मास्तर किंवा पोस्टमन चारचौघांत वाचून दाखवायचा, त्यामुळे त्यात 'इकडील सर्व क्षेम'च्या पलीकडे फारसे काही यायचे नाही. पगारातून किती कापले, रजा का नाकारली, बांधाचा वाद कुठवर आला, जत्रेतली कुस्ती कुणी मारली, हे विषय मित्राकडे निघत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली, ही नोंद आपण अभिमानाने सांगतो. त्या माणसांचे आपापसांत काय बोलणे चालत होते, ते कळायला अशा पत्रांवाचून दुसरा मार्ग नाही.

आता कामाचे. पत्रांचा गठ्ठा हाती आला की पहिल्यांदा एक तक्ता करा. रकाने पाच: पत्रावरची तारीख, पाठवणारा, पाकिटाच्या मागे असलेल्या पोहोच शिक्क्याची तारीख, 'तुमचे अमुक तारखेचे पत्र पावले' यात आलेली तारीख, आणि पत्र कोणत्या लिपीत आहे ते. चौथा रकाना सर्वांत मोलाचा. आपल्या जुन्या पत्रांत मागच्या पत्राची पोच देण्याची रीत पक्की होती, आणि तिच्यामुळेच दोन घरांतले गठ्ठे एकमेकांत बसतात. तुमच्याकडच्या पत्रात '१० जुलैचे पत्र पावले' असेल तर १० जुलैचे पत्र तुमच्या आजोबांनी लिहिले होते आणि ते मित्राच्या घरी शोधायचे, हे ठरले. काही पोचांच्या तारखा कुठल्याच घरात जुळत नाहीत. ती पत्रे वाटेत बुडाली, अडवली गेली किंवा फाडली गेली. तक्त्यात त्यांची ओळ मोकळी ठेवा, खोडू नका.

तारखांमध्ये हमखास घोळ होतो तो शकाचा. 'माघ शुद्ध ५ शके १८३७' असे असेल तर शकात ७८ मिळवून १९१५ लिहून मोकळे होऊ नका. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे हे पत्र १९१६ च्या सुरुवातीचे. पौष महिना दोन्हीकडे पाय टाकून असतो, तिथे जुने पंचांग पाहिल्याशिवाय साल टाकू नये. एका वर्षाची ही चूक वाटते तेवढी लहान नाही. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियातले (आजच्या इराकमधले) कूत पडले आणि सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तिथल्या मराठा पलटणीही कैदेत गेल्या. त्याच्या आधीचे पत्र आणि नंतरचे पत्र यांचा अर्थ सर्वस्वी वेगळा होतो.

तारीखच नसेल तर पत्ता आणि तिकीट बोलतात. पहिल्या महायुद्धातल्या पत्त्यावर 'आय.ई.एफ.' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी लढायला पाठवलेली भारतीय फौज) आणि पुढे एक इंग्रजी अक्षर दिसते. ए म्हणजे फ्रान्स, बी आणि सी म्हणजे पूर्व आफ्रिका, डी म्हणजे मेसोपोटेमिया, ई आणि एफ म्हणजे इजिप्त-सुएझची बाजू (ई पुढे पॅलेस्टाईनकडेही), जी म्हणजे गॅलिपोली. पंचम जॉर्जच्या तिकिटांवरही हीच तीन अक्षरे छापलेली सापडतात, आणि नेमकी अशीच तिकिटे संग्राहकांसाठी कात्रीने कापून घेतली जातात. तिकीट पाकिटावर आहे तोवर त्यावरचा शिक्का, तारीख आणि पत्ता एकमेकांना धरून असतात. कापले की तिकिटाचीही किंमत जाते आणि पाकिटाचीही. कुणी कितीही आग्रह केला तरी कापून देऊ नका.

फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो, आणि तो मुद्दामच तसा असतो. क्रमांक फौजेबरोबर फिरतो, म्हणून नुसत्या क्रमांकावरून ठिकाण सांगता येत नाही, क्रमांक आणि तारीख दोन्ही लागतात. तोच क्रमांक एका वर्षी आफ्रिकेत आणि पुढे इटलीत असू शकतो. आजही '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' लिहिलेले पत्र पाहून 'हे गाव कुठे?' असे विचारणारे भेटतात. ती गावे नव्हेत, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पहिल्यावरची टपाल दिल्लीतून आणि दुसऱ्यावरची कोलकात्यातून पुढे वाटली जाते.

आपल्याकडच्या पत्त्यानेही काळ कळतो. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. 'जि. दक्षिण सातारा' असे लिहिलेले पाकीट १९४९ ते १९६० या काळातले, कारण १९६० मध्ये जिल्ह्याचे नाव सांगली झाले. 'संस्थान सांगली', 'संस्थान जत', 'औंध संस्थान, आटपाडी' असा पत्ता विलीनीकरणाच्या आधीचा. (जुन्या सवयीने नंतरही तसे लिहिणारे होते, म्हणून शिक्का पाहायचाच.) तिकीट आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचे किंवा फार तर त्यानंतर थोड्याच दिवसांचे, नये पैसे असतील तर त्यानंतरचे. पत्त्यात पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. मुलकी टपालाच्या पाकिटावर ५ पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट असेल तर ते नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ यांतले, म्हणजे बांगलादेश युद्धाच्या आगेमागेचे.

दुसऱ्या महायुद्धातल्या गठ्ठ्यात कधी कधी साधारण पोस्टकार्डाएवढा, गुळगुळीत, फोटोसारखा कागद निघतो. वर चौकटीत पत्ता, खाली बारीक झालेले अक्षर. हे एअरग्राफ. १९४१ पासून फौजेची पत्रे १६ मिलिमीटर फिल्मवर टिपून विमानाने पाठवत आणि पोहोचल्यावर त्यांचे छोटे छाप काढून वाटत. मूळ फॉर्म नंतर नष्ट केले जात, म्हणून हा छाप 'झेरॉक्स' समजून फेकू नका, तेच मूळ. त्याला फोटोसारखे वागवा: दोन एअरग्राफ समोरासमोर चिकटवून ठेवू नका, ओलाव्यात ते एकमेकांना धरतात.

कैद्यांची पत्रे वेगळी ओळखू येतात, छापील फॉर्म, मोजक्या ओळी, तिकीट नाही. जून १९४२ मध्ये लिबियातले तोब्रुक पडले तेव्हा पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण तिथे कैद झाली. त्यानंतरची त्या माणसांची पत्रे असतील तर ती कैद्यांच्या छावण्यांतून आलेली. अशा घरांनी जीनिव्हाच्या रेडक्रॉस समितीकडे विचारणा करावी. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची त्यांच्याकडची कार्डे तर संगणकावर घरबसल्या पाहता येतात. जो मित्र परतलाच नाही त्याचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधावे, मात्र इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून. जाधवाचे जादो, पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंदे असे काहीही होऊ शकते. गावाचे नाव आणि शिपाई क्रमांक जुळल्याखेरीज 'सापडला' म्हणू नये. बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतींवर हिंदी (भारतीय) अधिकाऱ्यांची नावे आहेत, साध्या शिपायांची नाहीत, ती नोंदवहीत पाहावी लागतात.

सेन्सॉरविषयी दोन गोष्टी. पत्रात चौकोनी, सरळ कडांचे भोक असेल तर ती कसर नव्हे, ती सेन्सॉरची कात्री किंवा ब्लेड. त्यावर मागून कागद चिकटवू नका. कसरीचे भोक वेडेवाकडे असते आणि शेजारच्या पानावरही त्याच जागी दिसते. काळ्या शाईने मारलेल्या ओळी घासून वाचायचाही प्रयत्न करू नये. कागद फाटेल, ओळ वाचता येणार नाही. पाकिटाच्या कडेला 'ओपन्ड बाय एक्झामिनर'ची पट्टी असेल तर ती पत्राचाच भाग आहे, सोलून काढू नका. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांसाठी स्वतंत्र सेन्सॉर कचेरी होती आणि तिने इंग्रजीत उतरवून घेतलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत शिपाई 'काळी मिरी' आणि 'लाल मिरची' असे लिहून हिंदी आणि गोऱ्या सैनिकांविषयी बोलताना दिसतात, आणि सेन्सॉरला ते समजलेलेही दिसते. म्हणून पत्रात मसाल्याचा, पिकाचा, जनावराचा भाव विनाकारण आला तर थांबून पाहावे. पण प्रत्येक ज्वारीच्या भावात गुप्त संदेश शोधण्याची हौसही आवरावी. बहुतेक वेळा तो ज्वारीचाच भाव असतो.

१९४२ नंतरच्या पत्रांत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. प्रतिसरकारच्या (ब्रिटिशांविरुद्ध साताऱ्यात उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या) काळात इथे टपाल कचेऱ्यांवर हल्ले झाले, तारा तुटल्या. एक मित्र फौजेत आणि दुसरा भूमिगतांच्या संगतीत, अशा जोडीतल्या पत्रांत महिनोन्महिन्यांचा खंड दिसतो किंवा नावांऐवजी नुसती आद्याक्षरे दिसतात. तो खंड म्हणजे मैत्री तुटली असा अर्थ लावू नका. आणि ती आद्याक्षरे कुणाची, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला याच वर्षी विचारा.

मोडीतली पत्रे अंदाजाने वाचू नयेत. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग असतात. गावात कुणी ते केले असेल तर त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि न लागलेल्या शब्दाच्या जागी ठिपके ठेवावेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे गावाच्या आणि माणसाच्या नावांतच सर्वांत जास्त चुका होतात, आणि नेमकी तीच नावे आपल्याला हवी असतात.

आता कागद. टाचणी आणि स्टेपल आधी काढायचे, पण ओढून नाही. पत्र टेबलावर सपाट ठेवून गंजलेल्या टाचणीखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, म्हणजे कागद पट्टीच्या खाली सुरक्षित राहतो, आणि मग बोथट सुरीने गंज सैल करा. घड्या इतक्या कडक झाल्या असतील की उघडताना चर्र आवाज येतो, तर तिथेच थांबा. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात तळाला ओला करून पिळलेला टिपकागद, त्यावर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर पत्र, आणि झाकण बंद. पाण्याचा स्पर्श पत्राला होता कामा नये, फक्त हवा दमट हवी. दर अर्ध्या तासाने पाहा. दोन-तीन तासांत कागद मऊ पडला की घडी उलगडून दोन टिपकागदांच्या मध्ये, वर पाटी आणि वजन ठेवून रात्रभर सोडा. इस्त्री करू नका.

मात्र हे करण्याआधी अक्षर कशाने लिहिले आहे ते बघा. शिपाई अनेकदा कॉपिंग पेन्सिल वापरत, कारण शाईची दौत खंदकात कोण सांभाळणार? ही पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते आणि जरा ओल लागली की जांभळी होऊन पसरते. करड्या अक्षरात कुठे जांभळा ठिपका किंवा बोटाचा डाग दिसला तर दमट डब्याचे काम अजिबात करू नका, बुरशी आलेल्या पत्रालाही नाही. तपकिरी झालेली, कागद पोखरणारी शाई असेल तर ती लोहाची शाई. तिच्या ओळीवरच कागद तुटतो, म्हणून असे पत्र पुन्हा घडी करायचे नाही, उलगडलेलेच ठेवायचे.

लॅमिनेशन आणि सेलोटेप ही दोन्ही कायमची बंद. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद परत काढता येत नाही. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन आरपार जातो आणि वरची पट्टी गळून पडते. साठवायला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट चालते. स्टेशनरीच्या दुकानातले वासाचे, मऊ पीव्हीसी फोल्डर नको. पाकिटे नसतील तर आम्लमुक्त कागदात गुंडाळून, खळ धुऊन काढलेल्या बिनरंगी मलमलीत बांधा. दफ्तराचा लाल रुमाल दिसायला शोभतो, पण ओल आली की रंग सोडतो. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर वेगळ्या पुडीत, कागदाला न लागता.

आणि जागा. पोटमाळा नको, तिथे उन्हाळ्यात पत्रा तापतो. सांगलीकरांनी तळमजलाही नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत पाणी आले, आणि लोखंडी ट्रंका पाण्याखाली होत्या त्यांतला कागद लगदा झाला. गठ्ठा भिजलाच तर पाने लगेच सोडवू नका, भिजलेला कागद धरताच फाटतो. ४८ तासांच्या आत बुरशी धरते, तेवढ्यात सगळे वाळवणे जमणार नसेल तर बटर पेपरच्या मध्ये थोडी थोडी पत्रे ठेवून, प्लॅस्टिक पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर सर्वांत बरा. गोठलेले पत्र महिनाभरही थांबते. सवड झाली की एकेक पुडके काढा, पिशवी बंद ठेवूनच ते खोलीच्या उष्णतेला येऊ द्या, सुटतील तशी पाने कोऱ्या टिपकागदावर पसरा. पंखा छताचा, आणि तो मंद. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. चिखल ओला असताना पुसू नका, वाळल्यावर मऊ ब्रशने झाडा, तोंडाला मास्क लावून.

फोटो काढताना मोबाइलचे 'डॉक्युमेंट स्कॅन' वापरू नका. ते पान पांढरे-काळे करून पेन्सिल आणि पुसट शिक्के दोन्ही उडवते. साधा रंगीत फोटो, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने, शेजारी पट्टी. स्कॅनर असेल तर मजकुराला ३०० आणि शिक्क्यांना ६०० डीपीआय. पाकिटाच्या दोन्ही बाजू घ्यायच्याच, कोरी दिसली तरी, कारण पोहोच शिक्का मागेच असतो. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे दोन घरांच्या फाइली एकत्र केल्या की आपोआप क्रमाने लागतात. दिवस माहीत नसेल तर दोन शून्ये.

मूळ पत्रे जोडीदार घराला देऊन टाकण्याची घाई करू नये, भावनेच्या भरात होते आणि नंतर वाद होतो. दोन्ही घरांनी मूळ आपापल्याकडे ठेवून प्रतींची अदलाबदल करावी. संग्रहालयाला देणार असाल तर लेखी पोच आणि पत्रांची यादी सहीनिशी घेतल्याशिवाय गठ्ठा हातातून सोडू नये.

संपादक महाशय, तुमच्याकडे मागणे एवढेच. रविवारच्या अंकात तीन-चार ओळींची एक चौकट द्यावी, जिथे वाचक जोडीदार घर शोधू शकेल. तीत पत्राचा मजकूर छापू नये. मित्राच्या पत्रात कर्जे, भांडणे, तिसऱ्याच घरच्या गोष्टी असतात आणि त्यांचे वारस गावात राहतात. पत्र लिहिणाऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि जुना तालुका, पलटण, पत्रांचा काळ, आणि ज्या तारखांच्या पत्रांची पोच आहे पण जी सापडत नाहीत त्या तारखा, इतके पुरे. संपर्कासाठी वाचकाचा फोन न छापता वृत्तपत्राच्या कचेरीचा पत्ता द्यावा आणि दोन्हीकडची संमती असेल तरच गाठ घालून द्यावी. दोन्ही जिल्ह्यांतल्या सैनिक कल्याण कार्यालयांच्या फलकावर हीच चौकट लावता आली तर ज्या घरांत वर्तमानपत्र येत नाही तिथेही ती पोहोचेल.

आपले,
जुन्या टपालाचे काही अभ्यासक वाचक
सातारा आणि सांगली